रोजचं दोन पॉइंट एक

नाकवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. चादरी धुण्याच्या एका मोठ्या कारखान्यात मळकं पाणी साफ करून पुन्हा धुलाईला देणारी टाकी होती, तिच्यावर ते सव्वीस वर्षं होते, आणि नुसत्या वासावरून तिची तब्येत सांगायचे. टाकीतले जिवाणू घाण खातात आणि त्यांना हवा लागते, एवढं साधं शास्त्र. "आज हिला हवा कमी पडतेय," म्हणायचे आणि हवेचा दुसरा ब्लोअर चालू करायचे. टाकी एकदाही नासली नाही. बायको मात्र म्हणायची, "घरात दूध करपलेलं कळत नाही या नाकाला!"

अशा माणसाला पाच दिवसांच्या ऑनलाइन कार्यशाळेला बसवलं. विषय काय, तर पाण्याच्या पुनर्वापराचं संगणकावर मॉडेल करणं. मॅनेजरांनी आधीच सांगून टाकलं होतं की नव्या कंट्रोल रूममध्ये जागा दोन आहेत आणि माणसं तीन. ज्याचं मॉडेल जुळणार नाही, त्यानं गोदामात जायचं, चादरींचे गठ्ठे लावायला. नाकवाल्यांच्या निवृत्तीला चार वर्षं होती आणि टाकी सोडून त्यांना दुसरं काही येत नव्हतं.

मॉडेल म्हणजे पडद्यावरची टाकी. आपल्या रजिस्टरातले तीन वर्षांचे आकडे तिला द्यायचे. तिच्यातून निघणारं पाणी आपल्या खऱ्या पाण्याशी जुळलं की पास. नाकवाल्यांची पडद्यावरची टाकी दर वेळी एकोणिसाव्या दिवशी मरायची. चौथ्या दिवशी दुपारी ते अगदी रडकुंडीला आले आणि त्यांनी लेकीला हाक मारली. ती शाळेत गणित शिकवायची.

तिनं रजिस्टर चाळलं. "बाबा, पाण्यातला ऑक्सिजन तीन वर्षं रोज दोन पॉइंट एक? रविवारीसुद्धा?"

नाकवाल्यांनी रजिस्टर मिटलं. ऑक्सिजनचा मीटर तीन वर्षांपूर्वीच बंद पडला होता. त्यांनी तीनदा अर्ज दिला. सुपरवायझर म्हणाले, "लिहीत जा काहीतरी, तुम्हाला काय, वासावरून कळतंच." मग ते लिहीत गेले. आधी लाज वाटली, पुढे सवय झाली. ब्लोअरचे तास मात्र यंत्र स्वतः मोजायचं, ते खरे. इतकी हवा सोडूनही ऑक्सिजन तेवढाच, म्हणजे घाण भयंकर असणार, असं मॉडेल धरून चालायचं आणि टाकी मारायचं.

"मग ब्लोअरचे तास कमी कर," ते म्हणाले. "जुळेपर्यंत कमी कर."

"बाबा, अहो..."

"पाया पडतो तुझ्या."

बापानं लेकीला असं म्हणायचं असतं का? पण म्हणाले. तिनं डोळे पुसले आणि तास कमी केले.

पाचव्या दिवशी त्यांचं मॉडेल रेघेवर रेघ जुळलं. शिकवणाऱ्या बाई खूश झाल्या. म्हणाल्या, "आणि गंमत बघा, यानुसार तुमचा दुसरा ब्लोअर लागतच नाही!"

मॅनेजरही मीटिंगमध्ये होते. "वा! मग आज दुपारीच काढून घेऊ तो."

दुसरा ब्लोअर गेला की आठवड्यात टाकी खलास. नाकवाले उभे राहिले आणि होतं नव्हतं ते सगळं बोलून गेले. पडद्यावर कोणी हललंसुद्धा नाही.

"काका, तुमचा माइक बंद आहे," बाई म्हणाल्या.

अजूनही गप्प बसता आलं असतं. लेक दारात उभी होती. त्यांनी माइक चालू केला.

"साहेब, ब्लोअर काढू नका. आकडे खोटे आहेत. मीच लिहिलेत. टाकी मरेल."

"मग इतकी वर्षं टाकी सांभाळली कशी?" बाईंनी विचारलं.

"वासावरून."

मॅनेजर म्हणाले, "ब्लोअर राहू दे. तुम्ही उद्यापासून गोदामात."

शेवटच्या पाळीला नाकवाल्यांनी रजिस्टर उघडलं. ऑक्सिजनच्या रकान्यात हातानं सवयीनं दोनचा आकडा काढला. त्यांनी तो खोडला आणि लिहिलं: मीटर बंद. माहीत नाही.

नवव्या दिवशी गोदामात एका धुतलेल्या चादरीची घडी त्यांनी उचलली आणि तशीच नाकाशी धरली. मग ती छातीशी घेऊन ते आवार ओलांडत टाकीकडे धावत सुटले. दुसरा ब्लोअर होता जागेवरच, पण बंद. पाणी काळं पडलं होतं. नवा माणूस कंट्रोल रूममध्ये पडद्याकडे बघत बसला होता; पडद्यावरची टाकी दुसऱ्या ब्लोअरशिवायही ठणठणीत होती.

त्यांनी रजिस्टर उघडलं. 'माहीत नाही'च्या खाली आठ ओळी होत्या, दुसऱ्याच्या अक्षरात. आठही दिवस दोन पॉइंट एक.

नाकवाल्यांनी त्या चादरीत तोंड खुपसलं आणि ते हमसून हमसून रडले.