टपालकाकांचे विद्यापीठ

टपालकाकांना कोणताही विषय सांगा, ते त्याच्या पायऱ्या सांगत. तत्त्वज्ञान बावन्न, इतिहास एकतीस, गणित सव्वीस, "पण उंच हायत." एका मोठ्या सरकारी विद्यापीठात त्यांनी चौतीस वर्षे या विभागातून त्या विभागात टपाल पोचवले होते. मूळचे ते वाणगावकडचे. निवृत्तीनंतर सरावलीला, आमच्या इमारतीत, मुलाकडे राहायला आले. संध्याकाळी फाटकापाशी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विद्यापीठ समजावून सांगत. मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी करतो. मोजल्याशिवाय काही मानायची मला सवय नाही. म्हणून सहा महिन्यांनी मी त्यांना सगळ्या पायऱ्या पुन्हा विचारल्या. एकही आकडा हलला नव्हता.

आमच्याकडे बहुतेकांना विद्यापीठ म्हणजे गुणपत्रिकेवरचा शिक्का, एवढेच ठाऊक. तिथे चाळीसच्या वर विभाग असतात, एका इमारतीत पाली भाषा शिकवतात तर शेजारच्या इमारतीत काचेच्या नळ्यांतून धूर निघतो, हे आम्हाला काकांकडून कळले. तळमजल्यावर राहणाऱ्या बिहारच्या एका कामगाराने एकदा विचारले, "काका, इतना बड़ा है, तो उसमें बनता क्या है?"

काकांनी मराठीतच उत्तर दिले, आणि त्याला ते समजलेही. "कॉलेजात जे ठाव हाय ते शिकवतात. तिथं जे अजून कोणालाच ठाव नाय, त्याच्या मागं लागतात. एक मॅडम सात वर्षं एका शेवाळामागं होत्या. शेवाळ हाय तसंच हाय. मॅडम शहाण्या झाल्या."

विद्वत्तेचा त्यांना आदर होता, दडपण नव्हते. प्रबंधांचे गठ्ठे खांद्यावरून नेल्यामुळे ते त्यांची वजने सांगत. इतिहासाचा दोन किलो, गणिताचा पाव किलो, "पण डॉक्टर दोघांनाबी म्हणतात."

माझी मुलगी शलाका पालघरच्या कॉलेजातून वनस्पतिशास्त्र घेऊन एम.एस्सी. झाली. समुद्रकाठच्या खाऱ्या जमिनीत टिकणाऱ्या भातावर तिला संशोधन करायचे होते. काकांच्याच विद्यापीठात त्या कामासाठी एक जागा निघाली. एकच. मुलाखत सकाळी साडेदहाला. काकांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा काढून दिला: फाटक, पाण्याची टाकी, वळण, दरवाजा, अडतीस पायऱ्या. फाटकापासून नऊशे वीस पावले. मी शलाकाला आमच्या रस्त्यावर तेवढी पावले चालायला लावून वेळ घेतली. साडेनऊ मिनिटे.

त्या दिवशी सव्वादहाला तिचा फोन आला. "बाबा, दरवाजा आहे, पण पाटीच नाही. समोर नुसत्या कुंड्या आणि पाण्याचे पाइप." पुढे काही बोलायच्या आत फोन कट झाला. मी लगेच काकांना फोन लावला. कुंड्या आणि पाइप ऐकताच त्यांना उमगले.

"भाऊ, मी तिला माझ्या वाटेनं धाडली," ते म्हणाले. "टपाल मागनं जातं."

चौतीस वर्षांत काका प्रत्येक विभागात मागच्या दारानेच गेले होते. नकाशातला दरवाजाही मागचाच होता. तिथून वळसा घालून पुढच्या दाराला जायचे तर आणखी किती पावले, हे त्यांना सांगता येईना. दुपारी ते जेवले नाहीत. त्यांच्या सुनेने दोनदा ताट वाढून परत नेले. मी कारखान्यातून आलो तेव्हा ते फाटकापाशीच होते. म्हणाले, पोरीची जागा गेली तर ती माझ्यापायी गेली.

शलाका सातला आली, ती हसतच. मागच्या अंगणात रोपांना पाणी घालणाऱ्या माळ्याला तिने नकाशा दाखवला. त्याने पायऱ्यांचे आकडे वाचले आणि विचारले, "टपालवाल्यांनी धाडली काय गं तुला?" आणि त्याने तिला मागच्या जिन्याने थेट मुलाखतीच्या मजल्यावर नेऊन सोडले. वर जाताना तिने अंगणातले भाताच्या रोपांचे ट्रे पाहून घेतले होते. आत तिला विचारले, काम कुठून सुरू कराल? ती म्हणाली, "खाली तिसऱ्या रांगेतल्या रोपांची टोकं जळली आहेत, तिथून." समोरच्या तिघांनी एकमेकांकडे पाहिले. एकजण म्हणाले, आम्हालाही ते कालच कळले, तुम्ही तिकडे कशा गेलात?

"मग तू काय सांगितलंस?" काकांनी घाबरून विचारले.

"खरं तेच. मला टपालाच्या वाटेनं पाठवलंय म्हणून."

काकांनी कपाळाला हात लावला. पण पायऱ्या अडतीसच भरल्याचे ऐकून सुनेला हाक मारली आणि ताट मागितले. पंधरा दिवसांनी यादी लागली. शलाकाचे नाव होते.

काका आता नाहीत. ते गेले त्याच्या आधीच्या हिवाळ्यात शलाकाने त्यांना आपली प्रयोगशाळा बघायला बोलावले. मी सोबत होतो. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. विभागाच्या पुढच्या दारात पहारेकऱ्याने वही पुढे केली. नाव, गाव काकांनी भरभर लिहिले. 'कोणाला भेटायचे' या रकान्यात शलाकाचे पूर्ण नाव, वळणदार. पुढे 'काम' हा रकाना होता. तिथे ते थांबले.

मी म्हटले, "लिहा काहीही, काका. कोण वाचतंय?"

"काहीही कसं?" ते म्हणाले. "वही हाय ती." थोडा विचार करून त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिले, 'काम नाही', खाली सही केली आणि दोन्ही हात मोकळे सोडून आत गेले.