स्टेफाचा नवरा

कॅनडातल्या लिप्नी गावात कोणी वारलं की पाद्र्याच्या आधी ओरेस्ट डॅनिलुकला फोन जायचा. दफन झालं की सगळं गाव चर्चच्या तळघरात जेवायला जमायचं, आणि जेवण उरकलं की गेलेल्या माणसाबद्दल ओरेस्टने दोन शब्द बोलायचे, असा रिवाजच पडला होता. त्याआधी तो त्या घरी जायचा, टोपी काढून दाराजवळच्या खुर्चीत बसायचा आणि बायकापोरांना विचारायचा, "चिडायचा कशावर? घाबरायचा कशाला?" पेट्राश दारुडा गेला तेव्हा ओरेस्टने त्याची दारू लपवली नाही, पण त्याच्याबद्दल असं काही बोलला की मार खाल्लेली पोरंच ढसाढसा रडली.

त्या जानेवारीत त्याची स्वतःची बायको स्टेफा गेली.

लेक डार्लीन व्हँकुव्हरहून आली. दफनाच्या सकाळी तिने बापाला गाठलं. "बाबा, आपल्या घरात सगळं गोडीगुलाबीचं होतं असं बोललात, तर मी उठून जाईन. सगळ्यांदेखत. आणि परत नाही यायची."

ओरेस्ट बर्फात बाहेर गेला, पुन्हा आत आला आणि टोपी काढून दाराजवळच्या खुर्चीत बसला. इतक्या वर्षांत तिथून त्याने आपलं स्वयंपाकघर कधी पाहिलंच नव्हतं. नवऱ्याच्या खुर्चीला लागून रेडिओ होता. समोर बायकोची जागा, आणि तिथल्या मेणकापडाची कड नखांनी खरवडून पार झिजलेली.

तळघरात कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या भाताचे रोल संपले, कॉफी आली. ओरेस्ट उभा राहिला.

"स्टेफाला एक नवरा होता," तो म्हणाला.

कोणीतरी हसलं. डार्लीन हसली नाही.

"गव्हाच्या कोठारावर कामाला होता. जेवताना रेडिओवर धान्याचे भाव लागायचे. स्टेफा काही बोलू लागली की तो बोट वर करायचा. थांब म्हणून. पुढे कोठार बंद पडलं, पाडलं. धान्याच्या भावाशी त्याचा काडीचा संबंध उरला नाही. तरी बोट वर व्हायचंच. गावातल्या विधवांचं तो तासन्‌तास ऐकून घ्यायचा आणि घरी येऊन मुक्यासारखा जेवायचा."

पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या ताटात बघू लागल्या.

"वाईट नव्हता तो. घाबरलेला होता. कोठार गेलं तसं आपल्यालाही कोणी विचारत नाही, असं त्याला वाटायचं. बायकोने 'कसे आहात' एवढं विचारलं असतं तरी तो रडला असता. म्हणून त्याने तिला विचारूच दिलं नाही. मला त्याची कीव येते. पण खरवडलेलं मेणकापड मी पाहिलंय. तुम्ही त्याला कीव करून सोडून देऊ नका."

तो खाली बसला. नेहमीसारखं कोणी पाठीवर हात ठेवला नाही.

तळघर रिकामं झाल्यावर डार्लीन कोटाची बटणं लावत त्याच्यापाशी आली.

"हे सगळं कळत होतं तुम्हाला?"

"आज कळलं. दुसऱ्याच्या घरी बसल्यासारखा बसलो तेव्हा."

"मग आई होती तेव्हा का नाही बसलात?"

उत्तर द्यायच्या आधी त्याचं बोट आपसूक वर आलं. दोघांनी ते पाहिलं. त्याने दुसऱ्या हाताने ते धरलं आणि मांडीवर दाबून ठेवलं.

"तू बोल," तो म्हणाला. "ती काय सांगायला बघायची ग? तुला तरी माहीत असेल."

डार्लीन कोटासकट समोरच्या बाकावर बसली.

"मलाही नाही माहीत, बाबा," ती म्हणाली. "मी फोन केला की 'तू बोल, मी ऐकते' म्हणायची. पुढे पुढे ती मलाही काही सांगेनाशी झाली."