तरत्या धक्क्याचे नांगर

बाभुळगावकडच्या धरणामुळं आमचं वावर पाण्यापलीकडे गेलं. पऱ्हाटीचा कापूस वेचायला आम्ही बाया नावेनंच जातो. काठावर गुडघाभर चिखल. तिथंच माझी मोठी जाऊ घसरली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. ती खाटेवर पडली तेव्हा मी आणि माझ्या नवऱ्यानं ठरवलं, नावेत चढायला तरता धक्का करायचा.

प्लास्टिकचे ड्रम, लोखंडी सांगाडा, वर फळ्या. वेल्डिंग गावातल्या मिस्त्रीभाईंनी केलं. अडलं ते धक्का जागेवर कसा धरून ठेवायचा, यावर. नवरा म्हणाला, "पाइप गाडू." पण चिखलाखाली लगेच खडक लागला. मी सुचवलं, "बाभळीले दोर बांधून टाका." बांधला, तर पाणी उतरलं आणि धक्का चिखलात तिरका बसला. दोर सैल सोडला, तर धक्का वाऱ्यानं गरागरा फिरायला लागला.

हे ऐकून जाऊ खाटेवरूनच म्हणाली, "एकाच दाव्यावर बैल बांधाल तं तो फिरनच. चारही अंगानं ताणून धरा ना त्याले!"

मिस्त्रीभाईंना ते पटलं. "चार वजनं पाण्यात सोडू, भाभी. साखळ्या लावू. पाणी उतरलं का आवळायच्या, चढलं का ढिल्या करायच्या."

ट्रकचे जुने टायर त्यांनीच आणले. त्यांत सिमेंट-गिट्टी भरली, मधोमध लोखंडी कडी रोवली. हेच धक्क्याचे नांगर. साखळ्या लावून ते नावेतून नेले आणि धक्क्याच्या चारी कोपऱ्यांपासून लांब पाण्यात सोडले.

उन्हाळ्यात मोठं वावधन आलं. घरांवरची टिनं उडाली, नाव उलटली. वारा पडताच नवरा काठावर धावला आणि तिथूनच ओरडला, "हाल्ला नाही वं, जागच्या जागी हाय!"

पुढच्या वेचणीला जाऊ काठी टेकत आली. मिस्त्रीभाईंनी न सांगता धक्क्याला कठडा जोडून ठेवला होता. तो धरून ती सावकाश नावेत उतरली, बसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "चाल ना, काहून थांबली?"

माझे डोळे भरून आले होते, म्हणून थांबले होते.

त्या साली तुरीच्या शेंगांचा पहिला वानोळा आम्ही दोघी जावांनी मिस्त्रीभाईंच्या घरी नेला. त्यांच्या बायकोनं चहा ठेवला, आणि आम्ही तिघी शेंगा सोलत अंगणात बसलो.