सगळं ‘माझंच’ म्हणणारा क्वार्टरबॅक

आमच्या क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू समोरच्या संघातल्या माणसाने झेलला आणि मी उभा राहून टाळ्या वाजवल्या.

एकट्याने. सामना कावासाकीतल्या आमच्या कंपनीच्या संघाचा होता आणि कंपनीची माणसं गळ्यात एकसारखे निळे टॉवेल घालून ओळीने बसली होती. शेवटचं मंगलाष्टक संपायच्या आत मांडवात कुणीतरी टाळ्या पिटाव्यात, तसं झालं. माझी बाजू ऐकून घ्या. मी पुण्यात क्रिकेट बघत वाढलो. उंच उडालेला चेंडू, खाली धावणारा माणूस, शेवटच्या क्षणी घेतलेली झेप, असं दिसलं की माझे हात उठतात. झेल कुणाचा, हे विचारायला ते थांबत नाहीत. अमेरिकन फुटबॉलमध्ये समोरच्याने झेल घेतला की चेंडू त्यांचा होतो, हे मला माझ्याच टाळ्यांच्या मध्यावर कळलं. जपानात अशा वेळी कुणी काही बोलत नाही. तुमच्या शेजारची माणसं नुसती थोडी सरकून बसतात.

सामना संपल्यावर तो क्वार्टरबॅक शिरस्त्राण काखेत धरून थेट माझ्यासमोर आला. आता हा काय बोलणार म्हणून मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो. त्याने उजवा तळवा छातीवर ठेवला, मान लववली आणि म्हणाला, “जिबुन देस.” म्हणजे, मीच. माझंच चुकलं. पहिल्यांदा बघणाऱ्याला समजू नये असा चेंडू त्याच्याकडून टाकला गेला होता म्हणे.

माझ्या मूर्खपणाबद्दल माझी माफी मागणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. धक्का तुम्ही मारता आणि ‘लागलं नाही ना?’ तो विचारतो. त्याचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं, तर आपलं नाव मराठीत लिहायला किती अवघड म्हणून तो माझीच क्षमा मागेल.

ऑफिसात तो माझ्याच मजल्यावर होता, सर्वसाधारण विभागात. मीटिंगच्या खोल्या, भूकंपासाठी ठेवलेल्या टोप्या, गेलेले दिवे आणि पँट्रीतला कचरा, हे त्याचं राज्य. एकदा आईने पुण्याहून पाठवलेली लोणच्याची बरणी मी डब्याबरोबर ऑफिसात नेली. तळाशी बोटभर खार उरला होता. इथे काच, झाकण, कागद, प्रत्येकाचा कचऱ्याचा डबा वेगळा. पण बरणी घरी परत कोण नेणार, म्हणून सैल झाकणासकट ती कागदाच्या डब्यात टाकली आणि वर दोन कागद अंथरले. दुपारपर्यंत मजल्याला मोहरी आणि हिंगाचा असा काही वास सुटला की लोक दचकून एअर कंडिशनरकडे बघू लागले.

विभागप्रमुख हातमोजे घालून आले आणि बरणी सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली. त्यावर आईच्या टपोऱ्या देवनागरीत लिहिलं होतं, ‘आंबा लोणचं, कमी तिखट’. त्या मजल्यावर देवनागरी वाचता येणारा एकच इसम होता आणि तो अत्यंत एकाग्रतेने स्क्रीनकडे बघत होता.

“हे कुणाचं?”

तळवा छातीवर गेला. “माझंच.”

प्रमुखांनी बरणीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, एक क्षण माझ्याकडेही पाहिलं आणि बरणी त्याच्या हातात दिली. थोड्या वेळाने पँट्रीत गेलो तर तो ती विसळत होता. आईचं लेबल त्याने एका तुकड्यात, न फाडता काढलं होतं. मी काहीतरी पुटपुटलो. तो म्हणाला, वास छान आहे.

असा माणूस क्वार्टरबॅक झाला कसा, हा प्रश्न मलाही पडला. हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. क्वार्टरबॅक हा चढाईचा मुकादम. चेंडू हातात आला की चार पावलं मागं सरायचं आणि ‘अहो, ऐकलं का’ म्हणायला लागतो तेवढ्या वेळात धावणाऱ्या आपल्या गड्यांपैकी एकाला चेंडू पोचवायचा. तेवढ्यात समोरचे आडदांड त्याला आडवा करायला निघालेले असतात. या कामाला थोडा उर्मटपणा लागतो. आमच्या संघाच्या मुख्य क्वार्टरबॅकचा गुडघा गेला आणि दुसरा कुणी नव्हता, म्हणून हा उभा राहिला. कॉलेजची सगळी वर्षं त्याने बाकावर काढली होती. कोबेला त्याच्या आईचं केस कापायचं छोटं दुकान होतं. सामन्याच्या दिवशी ती ते बंद ठेवायची आणि मुलाला बाकावर बसलेलं बघून परत जायची.

संघाच्या मुख्य प्रशिक्षकांना सगळे कांतोकु म्हणत. एरवी ते आमच्या गुणवत्ता विभागाचे प्रमुख. कारखान्यातल्या मालातले दोष कॅमेऱ्याने पकडायचा प्रोग्राम मी लिहितो, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी मला बोलावून सांगितलं, की हंगामाचा शेवटचा सामना हरलो तर आपण खालच्या गटात जाऊ. या मुलाला खेळवायचं की दुसऱ्या जागेवरचा एखादा गडी तिथे उभा करायचा, ते ठरवायचंय. व्हिडिओ बघा आणि त्याला काय येतं, काय येत नाही, ते सांगा.

शत्रूच्या झेलाला टाळ्या वाजवणाऱ्या माणसाला त्यांनी हे काम का दिलं असेल? मी विचारलं नाही. मी फुगलो होतो. घरी बायकोला म्हणालो, आता मी संघाच्या तज्ज्ञ मंडळात आहे. ती म्हणाली, मंडळात अजून कोण आहे? मी म्हणालो, सध्या मीच.

तर हा माणूस मी महिनाभर स्क्रीनवर पाहिला. त्याची जमेची बाजू आधी. चेंडू फार लांब जायचा नाही, पण जायचा तो मऊ. पोळी तव्यावर टाकावी तसा झेलणाऱ्याच्या हातात अलगद उतरायचा. आडवं केलं की उठताना तो पाडणाऱ्यालाच हात द्यायचा. त्याला राखणारे पुढचे पाच धिप्पाड गडी त्याच्यासाठी जिवाचं रान करायचे, कारण प्रत्येक चढाईनंतर तो पाचही जणांचे वेगवेगळे आभार मानायचा.

आता उणं. ज्याला चेंडू द्यायचा त्याच्याकडे तो आधी नीट बघायचा. इथे साधं व्हिजिटिंग कार्ड देतानाही समोरच्याकडे बघून, दोन्ही हातांनी देतात. हा तसा चेंडू द्यायचा. त्यामुळे पत्ता समोरच्या संघालाही कळायचा. मी सल्ला दिला, की दुसरीकडे बघत जा. त्याने तो इतका मनावर घेतला, की कॅन्टीनच्या कुपनयंत्रावर करीच्या चित्राकडे बघत सोबा नूडल्सचं बटण दाबायची सवय केली. माझ्याशी बोलताना तो शेजारी बसलेल्या अकाउंट्सच्या बाईंकडे बघू लागला. बाई लाजल्या, नंतर जागा बदलून बसल्या. त्यांचीही त्याने माफी मागितली. ती माझ्याकडे बघून.

दुसरं उणं गंभीर होतं. तो थांबायचा. या खेळात गडी वळायच्या आधीच चेंडू सोडायचा असतो. तो वळतो तेव्हा चेंडू तिथे हजर हवा. हा मात्र माणूस पुरता वळल्याची खात्री होईपर्यंत चेंडू उराशी धरून उभा, आणि तोवर आडवा. कधी वेळेवर टाकलाच, तर जमिनीवर. मग जमिनीवर पडलेला तो चेंडू कुणाच्या चुकीने पडला? टाकणारा चुकला की धावणारा? ते लांबून घेतलेल्या व्हिडिओत कळत नाही, कारण आपसात ठरलं काय होतं ते त्यांनाच ठाऊक.

म्हणून मी सरळ उपाय केला. त्यालाच विचारलं. जेवणाच्या सुट्टीत लॅपटॉप मध्ये ठेवून एकेक तुकडा दाखवायचो. यात कुणाचं चुकलं? माझंच. हा? माझंच. यात तर आपल्या विक्री विभागातला उंच गडी भलतीकडेच पळालाय. नाही, माझंच. मी आज्ञाधारकपणे लाल खुणा करत गेलो.

कांतोकुंपुढे मी सादरीकरण केलं. रंगीत आलेख, हातात लेझरचा ठिपका. निष्कर्ष असा, की सगळ्या फसलेल्या चेंडूंमागे एकच समान कारण आढळतं.

कांतोकुंनी लाल आलेख पाहिला. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

“त्यानेच.”

“आपटे-सान, सगळा दोष एकाच मशीनवर दिसला, की आमच्या विभागात आधी मोजणाऱ्याला तपासतात.”

मी लेझर बंद केला. त्यांनी व्हिडिओ लावला आणि तो विक्रीवाला उंच गडी मला पाच-सहा वेळा दाखवला. प्रत्येक वेळी तो उशिरा वळत होता. दर वेळी चेंडू पडायचा, क्वार्टरबॅकचा तळवा छातीवर जायचा आणि विक्रीवाला मोठ्या मनाने मान हलवायचा. उशिरा वळणाऱ्यासाठी थांबता थांबता याला थांबायचीच सवय लागली होती. कांतोकु म्हणाले, याचा हात ठीक आहे, डोळेही सुधारतील. पण हा सगळ्यांच्या चुका खिशात घालतो, आणि मग ज्याची चूक त्याला ती कधी सापडत नाही. शनिवारच्या सरावात याने एका तरी माणसाला तोंडावर सांगावं, की चूक तुझी आहे. सांगितलं तर खेळवतो. नाहीतर नाही.

हा निरोप मी त्याला दिला, तेव्हा आम्ही तामागावा नदीच्या बांधावर बसलो होतो. खाली मैदान होतं. त्याने शेवटच्या सामन्याची तारीख आईला कळवून टाकली होती. यंदा खेळणार आहे, असं कळवलं होतं. तो गवत उपटू लागला. विक्रीवाला त्याला कॉलेजपासून सिनिअर. सिनिअरला असं सांगायचं, म्हणजे आपल्याकडे मोठ्या काकांना पंगतीत ‘भुरके मारू नका’ म्हणण्यासारखं.

मी म्हणालो, आधी माझ्यावर सराव करा. माझ्याकडे चुकांचा साठा भरपूर आहे. एक सोपी घेऊ.

“ती लोणच्याची बरणी कुणाची होती?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले. मानेच्या शिरा ताणल्या गेल्या. नदीवरच्या पुलावरून एक अख्खी गाडी धडधडत गेली.

“माझंच,” तो म्हणाला.

शनिवारी मी मैदानाच्या कडेला उभा होतो. चेंडू वेळेवर सुटला, विक्रीवाला उशिरा वळला, चेंडू त्याच्या पाठीवर आपटून पडला. तळवा निघाला. छातीपाशी पोचता पोचता थांबला. सगळं मैदान त्या तळव्याकडे बघत होतं. मग तो हळूहळू खाली आला.

“तुम्ही उशिरा वळलात,” तो म्हणाला आणि कमरेत वाकला.

विक्रीवाल्याचा चेहरा लालबुंद झाला. “मग हंगामभर का नाही सांगितलंस? मी बायकोला सांगत होतो, की तुला टाकता येत नाही.”

त्यानंतरच्या चेंडूला तो वेळेवर वळला.

शेवटच्या सामन्याला कोबेहून त्याची आई आली. लहानखुरी बाई, उन्हाची टोपी, मांडीवर डबा. मी तिच्याशेजारी बसलो. ती एकदाही ओरडली नाही. मुलगा आडवा झाला की फक्त डब्याचं झाकण घट्ट दाबायची. त्या दिवशी तो डावीकडे बघत उजवीकडे चेंडू टाकत होता आणि समोरचे फसत होते. एकदा आमच्याच माणसाने सुंदर झेल घेतला, सगळे निळे टॉवेल हवेत गेले, आणि मी मात्र खबरदारी म्हणून गप्प बसलो. आईने माझ्याकडे चमकून पाहिलं.

आम्ही हरलो आणि खालच्या गटात गेलो. शेवटचा चेंडू अगदी अचूक गेला होता. विक्रीवाला वेळेवर वळलाही होता. चेंडू त्याच्या दोन्ही हातांत पडला आणि निसटला. क्वार्टरबॅक लांबून त्याच्याकडे बघत होता, हात बाजूला सोडून. मैदानाच्या त्या टोकाला विक्रीवाल्याने आपला भलामोठा तळवा स्वतःच्या छातीवर ठेवला.

आईने डबा उघडून मला एक भाताचा गोळा दिला आणि म्हणाली, “खेळला.”

इथे बदल्या वसंतात होतात आणि हातात सामान बांधण्यापुरतेच दिवस असतात. त्याची कोबेच्या शाखेत बदली झाली. संघात आता नवा क्वार्टरबॅक आहे. तो मोठ्या विद्यापीठातून आलाय, चुकलं की गड्यांवर सरळ ओरडतो आणि आम्ही जिंकतोही. पँट्रीतल्या कचऱ्याच्या डब्यांवर मात्र सूचनांचे कागद वाढत चाललेत. त्यांतले निम्मे माझ्यासाठी आहेत, असं लोक न बोलता सांगतात.

त्याला निरोप द्यायला मी शिन-योकोहामा स्टेशनवर गेलो. माझ्या आईने पाठवलेल्या नव्या लोणच्याची बरणी कागदात गुंडाळून नेली होती. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली. निरोपाला आपण जे म्हणतो ते मी जपानीत म्हणालो, काही चुकलंमाकलं असेल तर माफ करा.

तळवा नेहमीसारखा वर निघाला. अर्ध्यावर थांबला. बरणी धरायला परत खाली गेला. मग त्याने माझ्या खांद्यावरून मागच्या घड्याळाकडे पाहिलं, अगदी मी शिकवलं होतं तसं, आणि म्हणाला,

“ती बरणी तुमची होती, आपटे-सान. आणि या वेळी झाकण वेगळ्या डब्यात टाकायला शिका.”