डावा सहा, उजवा पाच

माझ्या नणंदेनं जन्मात जितके पाय निरखले असतील, तितके एखाद्या देवळाच्या पायरीनंही निरखले नसतील. लोक माणसाचा चेहरा बघतात, कपडे बघतात, फार तर मनगटावरचं घड्याळ बघतात. वन्संची नजर मात्र दारातून थेट खाली उतरायची आणि तिथंच मुक्काम ठोकायची. येऊन गेलेल्या पाहुण्याची ओळख त्या "ते न्हाई का, उजवी टाच आतनं झिजलेले" अशी द्यायच्या, आणि वैताग म्हणजे सासूबाईंना पाहुणा तेवढ्यावर कळायचा. मला कळत नसे. मग मला संताप येई. संतापणं हा त्या काळी माझा पूर्ण वेळचा व्यवसायच होता. मी वाईची, मॅट्रिक झालेली, सत्तर सालानंतर कधीतरी लग्न होऊन चिंचवडला आलेली; वयानं विशीतली, शिष्टपणानं साठीतली. खांद्यावरचा पदर इंचभर सरकला तर जग बुडेल अशी माझी खात्री होती. आणि अशा मला नणंद मिळाली ती पहाटे हमरस्त्यावरून पळणारी!

वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची धाकटी बहीण, पण माझ्याहून मोठी. त्या मला "वयनी, तुमी" म्हणायच्या, मी त्यांना "वन्सं, तुम्ही" म्हणायची, आणि असा एकमेकींचा मान राखून आम्ही दिवसभर भांडायचो. त्या एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होत्या. ज्या रानात लहानपणी भुईमूग उपटला, त्याच रानावर कंपनी उभी राहिली होती आणि तिथंच बसून त्या आता बाटल्यांना बुचं लावत होत्या. लहानपणी बापाची भाकरी घेऊन त्या घरापासून रानापर्यंत पळत जायच्या, कारण चालत गेलं तर कालवण गार व्हायचं. रान गेलं, बापही गेला, कालवणाची घाई संपली. वन्सं पळायच्या थांबल्या नाहीत. अंगात शाळेच्या लेझीम पथकातली जुनी पांढरी सलवार, वर भावाचा सदरा, पाय अनवाणी.

सासूबाईंना पळणं चालत होतं, एकटीनं पळणं चालत नव्हतं. "सूनबाई, तू जा संगं," त्यांनी फर्मान काढलं.

"मी पळू?"

"तू चाल. नदर ठिव म्हंजे झालं."

नजर ठेवायची तर माणूस दिसावं लागतं. वन्सं आकुर्डीच्या वळणाला दिसेनाशा व्हायच्या आणि मी मागून चपला फटफटवत, डोक्यावर पदर, कपाळावर आठ्या, अशी चालायची. पहिल्या पाळीच्या बसमधले कामगार खिडकीतून ओरडायचे, "ओ ताई, दमानं! वयनी मागं ऱ्हायल्या!" मी घरी येऊन ह्यांच्यावर डाफरायची. हे म्हणायचे, "मग तूही थोडी पळ की." अशा नवऱ्याशी बोलण्यात अर्थ नसतो.

वन्संना बघायला बार्शीचं स्थळ आलं तो दिवस तर मी विसरणं शक्य नाही. मी त्यांना माझी पैठणी नेसवली, नजर खाली ठेवायला शिकवलं. आता कळतं, हे शिकवणंच चुकलं. पोह्यांच्या बशा ठेवल्या, मुलाचे बूट समोरच उंबऱ्याबाहेर काढलेले, मुलाच्या मामांनी "काही विचारायचं असेल तर विचार हं मुली" असं उगीच रीत म्हणून म्हटलं, आणि वन्सं म्हणाल्या, "तुमच्या डाव्या बुटाची टाच भाईरनं झिजलीया. गुडघा दुखतो का?"

मी आतल्या दाराआड कपाळावर हात मारून घेतला. मुलगा शाळामास्तर होता. तो वळून बुटांकडे बघत म्हणाला, "दुखतो. जिना चढताना." त्या माणसाला जन्मात प्रथमच कुणी गुडघ्याची चौकशी केली असावी, कारण घरी पोचायच्या आत त्यानं होकार कळवला. वैशाखातली तिथी निघाली.

आणि इथंच सगळी भानगड सुरू झाली. दर हिवाळ्यात आमच्या भागातल्या कंपन्या मिळून एक लांब पल्ल्याची शर्यत ठेवायच्या. कंपनीच्या फाटकातून निघायचं, आकुर्डी, निगडी करत देहूरोडला लष्कराची हद्द लागते तिथपर्यंत जायचं आणि परत यायचं. फक्त पुरुषांनी. बायकांना संगीत खुर्ची आणि लिंबू-चमचा. वन्सं दर वर्षी लिंबू-चमचा जिंकायच्या आणि बक्षिसाची वाटी घरी आणून आपटायच्या. लग्न ठरलं त्या रात्री जेवताना त्या म्हणाल्या, "औंदा त्या मोठ्या शर्यतीत पळणार. औंदा न्हाई तर मग कधीच न्हाई." सासूबाईंनी ताटातून मान वर केली नाही, पण नाहीही म्हणाल्या नाहीत.

खेळांचा कारभार बघणारे एक साहेब होते. वन्संनी त्यांच्यापुढे अर्ज धरला. साहेब हसले. बाईला सरळ नाही म्हणायचं तर पंचाईत, म्हणून म्हणाले, "पळा की. पण पायात पळायचे चांगले बूट पाहिजेत. अनवाणी, चप्पल, काही चालणार नाही. तुमच्या मापाचे मिळाले तर या." पुरुषांना बूट कंपनी द्यायची. बायकांच्या मापाचा पळायचा बूट त्या दिवसांत आमच्या अख्ख्या पंचक्रोशीत नव्हता, हे साहेबांना पक्कं ठाऊक होतं.

मग वन्सं बुटांच्या मागे लागल्या आणि माझ्या आयुष्याचा चिवडा झाला. आधी देहूरोडच्या बाजारातून लष्करानं टाकून दिलेले बूट आले. ते घालून त्या पहाटे निघाल्या तर सगळ्या आळीला वाटलं पलटणच आली. कुत्री भुंकून भुंकून दमली आणि वन्संच्या घोट्यांची सालं निघाली. मग शाळकरी पोरांचे कवायतीचे पांढरे कॅनव्हासचे बूट. त्यांचे तळ इतके पातळ, की त्या म्हणाल्या, "वयनी, खालचा खडा काळा हाय का पांढरा त्येबी कळतंय." शेवटी पिंपरीच्या कॅम्पात एका शेठच्या दुकानात पोरांचे जाड रबरी तळाचे बूट आलेत अशी बातमी लागली.

तिथंही सकाळी जाणं नाही. दिवसभर उभं राहून पाय फुगले की मगच माप. "सकाळचा पाय लबाड असतो. संध्याकाळचा खरं बोलतो," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. दुकानात त्यांनी बुटाचा पुढचा भाग मुडपून बघितला, टाच दाबली, अंगठ्यापुढं बोटभर जागा आहे का ते चाचपलं, आणि शेठला म्हणाल्या, "पळून बगते."

"बघा की बेहेनजी," शेठ म्हणाले. त्यांना वाटलं, दुकानातल्या दुकानात.

वन्सं दुकानाबाहेर पडल्या आणि बाजारातून सुसाट सुटल्या. शेठ "अरे पकडो!" करत गल्ल्यावरून उठले. कोपऱ्यावरून वन्संनी ओरडून सांगितलं, "आमच्या वयनी हायत की तितं!" म्हणजे मी तारण! त्या परत येईपर्यंत शेठ माझ्याकडे आणि मी त्यांच्या पंख्याकडे बघत बसलो. तेवढ्यात ह्यांच्या खात्यातले एक गृहस्थ सहकुटुंब समोरून गेले आणि त्यांनी मला नमस्कारही केला. मी त्या दिवशी वन्संशी जन्मभर न बोलण्याची शपथ घेतली. ती बसस्टॉपपर्यंत टिकली, कारण वन्सं रडवेल्या झाल्या होत्या. डाव्या पायाला सहा नंबर बसत होता, उजव्याला पाच. सहाच्या जोडीत उजवी टाच निसटायची, पाचच्या जोडीत डाव्या पायाची नखं मरायची. शेठ म्हणाले होते, "एक-एक बूट कसा देऊ? उरलेले दोन मी कुणाच्या गळ्यात मारू?"

वन्संनी बसमध्ये डोळे पुसले आणि म्हणाल्या, "म्हंजे उलटी बाई गावली पायजे. उजवा मोठा असलेली."

नवरात्रात आमच्याकडे हळदीकुंकू होतं. बायका यायच्या थोडंच आधी वन्संनी सगळं अंगण शेणानं ओलंगच्च सारवून ठेवलं. नटूनथटून आलेल्या बायका चपला काढून त्यात पाय टाकत आत आल्या आणि सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला, "आगं, ही काय सारवायची येळ झाली व्हय?" पण आळीतल्या यच्चयावत बायकांचे दोन्ही पाय अंगणात उमटले होते आणि वन्सं हातात कंदील घेऊन, ओणव्या होऊन, एकेका ठशावर वीत लावत फिरत होत्या. मी लाजेनं अर्धमेली होऊन त्यांना ओढायला धावले. "वन्सं, उठा आधी! लोक हसतायत!"

त्या उठल्या नाहीत. माझ्या पायाखालच्या ताज्या ठशांकडे बघत राहिल्या. मग वीत लावली. मग पुन्हा लावली.

"वयनी," त्या हळूच म्हणाल्या, "तुमीच की."

मला माझ्या पायांचा केवढा गर्व होता! मला बघायला आले होते तेव्हा ह्यांच्या आत्यानं मुद्दाम साडी वर करायला लावून माझ्या पायांची वाखाणणी केली होती. आणि आता शेजारपाजारच्या बायकांसमोर शेणात उभं करून मला सांगितलं जात होतं, की माझा उजवा पाय डाव्यापेक्षा मोठा आहे. मी आत जाऊन रडले. ह्यांनी समजूत घालताना "मला कधी दिसलं नाही गं" म्हटलं, त्यावर "म्हणजे तुम्ही कधी बघितलंच नाही" म्हणून आणखी रडले. पण दोन जोड घ्यायचे म्हणजे पैसे कुठून? दिवाळीला मला मोरपंखी साडी यायची होती. तिचा पदर मी मनातल्या मनात कितीदा तरी घेऊन पाहिला होता. त्या साडीचे बूट झाले. शेठनी दोन जोड फोडून आमच्यापुढे आडवेतिडवे लावले आणि म्हणाले, "आधी सांगायचं ना बेहेनजी. दोघी मिळून बरोब्बर आहात."

नवा बूट शर्यतीला नवा घालायचा नसतो, आधी घरातला करून घ्यायचा असतो, म्हणून वन्सं बूट घालून घरभर वावरायच्या. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर सासूबाई उलथनं घेऊन पहाऱ्याला. आणि माझे बूट? वाया थोडेच घालवायचे? साडी दोन बोटं वर खोचून मी पहाटे ते घालू लागले. आकुर्डीच्या वळणाला वन्सं आता दिसेनाशा होईनात. मी पळत नव्हते, भरभर चालत होते, असं मी सगळ्यांना सांगत असे.

शर्यतीच्या दिवशी मैदानावर माणूस मावत नव्हतं. साहेबांनी वन्संच्या पायांकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मग म्हणाले, "बूट आहेत, पण छातीवर लावायचे नंबर संपलेत. पुढच्या वर्षी बघू."

वन्संनी वाकून डावी नाडी पुन्हा आवळली. पुढच्या वर्षी त्या कुठं असणार हे साहेबांना माहीत नव्हतं, मला होतं. त्यानंतर एक बाई ओरडायला लागली. ती मी आहे हे मला जरा उशिरा कळलं. "पुढचं वर्ष? तुम्ही बूट म्हणालात, बूट आणले! माझी दिवाळीची साडी गेली त्यात! मोरपंखी! अख्ख्या आळीला कळलं माझे पाय लहानमोठे आहेत! आणि आता नंबर संपले? शब्द गिळायचा असेल तर आधी हे बूट गिळा!" डोक्यावरचा पदर कधी पडला कोण जाणे. ह्यांचे वरिष्ठ समोरच खुर्चीत बसले होते. मागून पहिल्या पाळीच्या कामगारांनी "सोडा ताईंना! सोडा ताईंना!" असा गिल्ला केला, आणि साहेबांनी घाईघाईनं हात हलवला. वन्सं नंबराशिवाय पळाल्या.

पहिल्या आल्या का? छे. पहिले येणारे केव्हाच येऊन केळी खात बसले होते. कितीतरी गडी मात्र टेम्पोत बसून परत आले, आणि त्यांच्या मागून वन्सं रस्त्याच्या कडेनं, एका लयीत, आपल्या पायांनी आल्या. साहेब त्या वेळी मुद्दाम दुसरीकडे बघत होते. बक्षीस नाही, नाव पुकारणं नाही. मी रडत होते. वन्संनी वाकून बूट चाचपले.

"वयनी, डावी नाडी जरा सैल बांधाया पायजे व्हती."

"घरी चला आता. भाकऱ्या थापायच्यात," मी म्हणाले.

"मग पळतच जाऊ की."

वैशाखात लग्न झालं. पंचमीला वन्सं पहिल्यांदा माहेरी आल्या. घर मोठं आहे, माणसं चांगली आहेत, मास्तर गुडघ्याला तेल लावून घेतात, सगळं सांगून झालं. "आणि पळणं?" मी विचारलं. "तिकडं हिरीवरनं पाणी आणायचं असतंय रोज," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

दुसऱ्या दिवशी मी पहाटे उठून बूट बांधून तयार बसले. वन्सं काही उठेनात. शेवटी मीच जाऊन त्यांना हलवलं. त्यांनी डोळे न उघडता माझा हात धरला. "वयनी, आज निजू द्या."

मी दारात येऊन उभी राहिले. मला विलक्षण राग आला होता. पण सासू वाईट नव्हती, मास्तर भला माणूस होता, कुणी मारलं नव्हतं, कुणी कोंडलं नव्हतं. रागवायला नेमकं माणूसच सापडेना, आणि माझ्यासारख्या बाईची त्यानं फार पंचाईत झाली. मग मी एकटीच निघाले आणि वळणापर्यंत चक्क पळाले. पहिल्या पाळीची बस शेजारून जाता जाता हळू झाली. खिडकीतून कुणीतरी डोकं काढून विचारलं, "ओ वयनी, ताई आल्यात म्हणं! कुठं हायत?"

"झोपल्यात," मी म्हणाले. "दमल्यात."