चाखून थुंकणारे आमचे सासरे

जिभेवर आलेल्या घोटाबद्दल खोटं सांगणं म्हणजे चपला घालून गाभाऱ्यात शिरण्याइतकं पाप, असं मानणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात एकच झाला, आणि माझं नशीब असं की तो माझा सासरा निघाला. लग्नानंतर पहिल्या सणाला मी अकोल्याहून अमरावतीला सासुरवाडीस गेलो. नवा जावई म्हणून पाटावर बसवलं, उदबत्ती लावली, ताटाभोवती रांगोळी घातली. एवढ्यात सासरे आले. माझ्यासाठी भरून ठेवलेला तांब्या त्यांनी उचलला, वरून धार तोंडात घेतली, ती दोन्ही गालांत खळाखळा घोळवली, डोळे मिटले आणि अंगणाच्या कडेला जाऊन पचकन थुंकून टाकली. माझ्या हातातला घास हातातच राहिला. "जावईबापूले बारक्या इहिरीचं पानी काऊन देलं?" ते सासूबाईंवर कडाडले. "ह्याच्यात निंबाचं मूळ उतरलं हाय. मोठ्या इहिरीचं आना!" सासूबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "अवो, पह्यल्याच दिवशी त्यायले भेव नका दाखवू बाप्पा." मी हसण्याचा प्रयत्न केला. माझं घराणं बार्शीटाकळीचं, मोठ्यांपुढे मान वर न करणारं. आमच्याकडे पाणी हे पाणी असतं. पाण्यालाही गुणदोष असतात आणि ते जेवणाच्या पंक्तीत मोठ्याने सांगायचे असतात, हे मला त्या दिवशी कळलं, आणि तो धक्का पुढे कितीतरी दिवस पुरला.

सासरे शेतीवाले. काळी कसदार जमीन, आणि जोडीला कापसाची दलाली. तो काळ कापसाच्या तेजीचा होता. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत आपसात लढाई जुंपली आहे आणि तिकडचा कापूस विलायतेला जात नाही, एवढंच आम्हांला ठाऊक. पण तेवढ्यावर अमरावतीच्या बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं बसली. मुंबईचे व्यापारी वऱ्हाडात उतरले. बाजारात सौदा व्हायचा तो उपरण्याखाली. घेणारा आणि दलाल दोघेही उपरण्याखाली हात घालायचे, एकमेकांची बोटं दाबायचे, आणि भाव ठरायचा. बाजूला उभ्या असलेल्याला फक्त उपरणं हलताना दिसायचं. सासरे या बोलीचे मोठे भक्त. ते म्हणत, "तोंडानं मानूस काईबी बोलते. बोटायनं फुकटचं बोलता येत नाई."

मुंबईहून आलेल्यांत एक पारशी शेठ होता. गोरापान, गुबगुबीत आणि दिलदार. बडनेऱ्याच्या वाटेवर त्याने बंगला घेतला होता, आणि तिथे गवतात गुंडाळलेल्या बाटल्यांच्या पेट्या गाडीने येत. सौदा पुरा झाला की शेठ एक बाटली उघडायचा. अकोल्याच्या ज्या वखारीत मी कामाला होतो, तिच्या कामासाठी मी एकदा अमरावतीला आलो होतो, तेव्हा सासऱ्यांनी मला सोबत नेलं. शेठने काचेच्या पेल्यात काहीतरी काळपट लाल ओतून सासऱ्यांपुढे धरलं. मी मनात म्हटलं, आता हे उठणार आणि शेठला फैलावर घेणार, कारण सासऱ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि घराणं पिढ्यान्‌पिढ्या माळकरी. सासऱ्यांनी माळ हळूच मागे पाठीवर सरकवली, लहान मुलाचं तोंड भिंतीकडे करावं तशी. पेला घेतला, वरून घोट तोंडात सोडला, गालांत घोळवला, डोळे मिटले, आणि शेठच्या पितळी पिकदाणीत थुंकला. मग उपरणं पुढे केलं. शेठने हात आत घातला. उपरणं हललं. "अरे बावा!" शेठ मांडीवर थाप मारून ओरडला, "पांचेपांच!" पाची बोटं घट्ट दाबली म्हणजे माल अस्सल, शंकेला जागाच नाही. एकच बोट म्हणजे परत पाठवा. माळकऱ्याने दारूचं नाव तोंडाने कसं घ्यायचं, म्हणून ही सोय. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. सासरा दारू तोंडात घेतो आणि वर तिला गुणही देतो! परतीच्या वाटेवर मी धीर करून विचारलं तर ते उलट माझ्यावरच चिडले. "पेलो कोन? घशाखाली एक थेंब गेला नाई. घशाच्या वरचं समदं शिक्षन हाय, जावईबापू. पाप थे त्याच्या खाली."

त्यानंतर प्रत्येक बाटलीचा वृत्तांत मला ऐकावा लागे, कारण बोटांनी गुण देता येतात, पण मन मोकळं होत नाही. पोर्ट नावाच्या त्या काळ्या रसाबद्दल ते म्हणाले की ह्याच्यात गूळ हाय, पर गुळाले लाज नाई. शेरी त्यांना फार आवडली. लग्नातला शालू ज्या पेटीत ठेवतात त्या पेटीत कोणीतरी बदाम विसरलं असावं, असं त्यांचं मत पडलं. क्लारेटला त्यांनी दोनच बोटं दिली. "जेवन झाल्यावर पत्रावळ बी खाल्ल्यावानी लागते." शांपेन उघडताना उडालेल्या बुचाने माझी टोपी पाडली आणि मी शेठच्या मेजाखाली जाऊन बसलो. सासरे मात्र जागचे हलले नाहीत. घोट घेऊन, थुंकून, खूप वेळ विचार करून म्हणाले, "हे चिडलेलं ताक हाय. पर कोनावर चिडलं थे समजत नाई." घरात घडलेली प्रत्येक गोष्ट त्यांना मग चवीनेच आठवे. थोरला बैल गेला तो शेरीच्या दिवशी. माझ्या बायकोला, म्हणजे त्यांच्या थोरल्या मुलीला, दिवस गेल्याची बातमी आली तो दिवस पोर्टचा. "मी बातमी सांगितली अन् बाबा म्हनाले, थांब, तोंडात चव हाय," असं ती हसत हसत सांगते. मला यात हसण्यासारखं काय आहे ते कळत नसे.

खरी काळजी धाकट्या मुलीची होती. माझी ही मेहुणी बापाच्या तालमीत वाढलेली. दारू नव्हे हो, पाणी, ताक, गूळ, डाळ यांवर बापलेक तासन्‌तास भांडत. पण तिची सोयरीक जमता जमत नव्हती, आणि ते पाप सरळ सासऱ्यांच्या जिभेचं. एका ठिकाणी बैठकीत मुलाच्या बापाने लाडू पुढे केला तर हे म्हणाले, "तूप मागच्या दिवाळीचं दिसते." दुसऱ्या ठिकाणी विहिणीच्या हातच्या कढीला त्यांनी भर पंक्तीत नाव ठेवलं. दोन्ही स्थळं उठून गेली. मेहुणीच्या वयाच्या मुली गावात सासरी नांदत होत्या, आणि ती ओसरीच्या खांबाला टेकून बसून राही. तिसरं स्थळ मोर्शीचं आलं तेव्हा सासूबाईंनी नवऱ्याचा हात धरून देवापुढे उभं केलं. "ह्या डावाले तोंड उघडलं तं माहं मेलेलं तोंड पाहान." सासरे मोर्शीला गेले, जेवले, पाणी प्यायले आणि एक शब्द बोलले नाहीत. परत आल्यावर म्हणे त्यांना ताप चढला होता. पण सोयरीक ठरली. मेहुणी त्या दिवसापासून घरात गुणगुणत फिरू लागली.

आणि मग कोणीतरी मोर्शीला जाऊन सांगितलं, की तुमचा व्याही माळ घालून पारशाच्या बंगल्यावर दारू ढोसतो.

व्याही आले ते चार वडीलधारी मंडळी घेऊनच. मीही अकोल्याहून धावत पोचलो होतो. व्याही म्हणजे करारी चेहऱ्याचे, नाम घेतल्याशिवाय पाण्याला न शिवणारे, आणि त्यांच्या गळ्यातली माळ सासऱ्यांच्या माळेहून दुप्पट जाड. ओसरीवर बैठक बसली, गावातली मंडळीही जमली. दाराआड सासूबाई आणि मेहुणी. मेहुणीच्या बांगड्यांचा एरवी सतत आवाज असे, तो त्या दिवशी बिलकूल नव्हता. "घशाखाली एक थेंब गेला नाई," सासरे म्हणाले. व्याही म्हणाले, "नसन गेला. पर आमी ऐकलं का तुमी घोट घेऊन सांगता, कुठची हाय अन् कशाची हाय. पेल्याबिगर येवढं कोनाले समजते?" आणि त्यांनी उपरण्यात गुंडाळलेली एक बाटली पुढे ठेवली. "वाटेत कलालाच्या गुत्त्यातून घेतली. ह्या पंचायसमोर घ्या घोट. ओळखली तं तुमी पेनारे, सोयरीक मोडली. नाई ओळखली तं लोकायनं उगाच बदनाम केलं."

मोहाच्या फुलांच्या दारूचा वास साऱ्या ओसरीवर पसरला होता. ती मोहाची आहे हे माझ्यासारख्या अडाण्यालाही कळत होतं, आणि सासऱ्यांना तर मोह कोणत्या टेकडीवरचा, तेही कळलं असतं. शिवाय ते खोटं बोलणार नाहीत, ही मला पूर्ण खात्री. मी मनातल्या मनात मेहुणीची क्षमा मागितली. सासऱ्यांनी माळ मागे सरकवली. घोट घेतला, घोळवला, डोळे मिटले. माझ्या शेजारीच बसले होते. उपरण्याखालून त्यांचा हात आला आणि त्यांनी माझी पाची बोटं अशी घट्ट दाबली की मी कळवळलो. मग ते अंगणात जाऊन थुंकले, परत येऊन बसले, आणि म्हणाले, "काई समजत नाई बा. शिंदी असन."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. आयुष्यात मला इतका धक्का कधी बसला नव्हता, शांपेनच्या बुचानेही नाही. बैठकीत असा हशा पिकला की कबुतरं उडाली. "अरे, ह्यायले तं मोहाची अन् शिंदीची वळखू येत नाई! अन् म्हने पारशाचा पारखी!" गावातल्या ज्या ज्या माणसाच्या गुळाला, तुपाला त्यांनी कधी नाव ठेवलं होतं तो प्रत्येकजण पोट धरून हसत होता. सासरे खाली मान घालून बसले होते. व्याह्यांनी मात्र हसण्याआधी एक मोठा सुस्कारा सोडला, तो मी पाहिला. सोयरीक कायम झाली. दाराआड बांगड्या वाजल्या.

पाहुणे गेल्यावर मी सासऱ्यांना गाठलं. म्हटलं, "मामंजी, पाची बोटं कशाची होती?" ते इकडेतिकडे बघून म्हणाले, "थे दारू कलालाची नोती. व्याह्याच्या घरची होती. मोर्शीले त्यायच्या इहिरीचं पानी पेलो होतो ना, खारवट, अन् मागून चुना. थेच पानी होतं. माळकरी मानूस कलालाच्या दारात कसा जाईन? घरची होती, थे उचलून आनली." ती एवढी जाड माळ! "मग अशा घरात पोरगी देता?" सासऱ्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. "काऊन नाई? मोह एकेक निवडून घेतला हाय. घाई नाई, भेसळ नाई. इतक्या निगुतीनं करनारा मानूस सुनेले तरास नाई देत." आणि खरं सांगतो, मेहुणी त्या घरात सुखाने नांदली.

लग्न थाटात झालं. पारशी शेठने आठवणीने एक शेरीची बाटली पाठवली. सासऱ्यांनी ती न उघडता परत केली. मला वाटलं, आता बदनामीची भीती बसली असेल. पण पुढच्या वेळी गेलो तेव्हा पाहिलं, की तांब्यातलं पाणी ते मुकाट्याने पितात. थुंकत नाहीत, विहिरीचं नाव घेत नाहीत. मी हट्टाने विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "चार लोकायसमोर जीभ खोटं बोलली, जावईबापू. आता तिचं खरं बी कोन घेईन? मीच घेत नाई." अमेरिकेतली लढाई संपली, कापसाचे भाव कोसळले, शेठ पेट्या बांधून मुंबईला गेला. त्याला निरोप द्यायला सासरे गेले आणि उपरणं खांद्यावरच ठेवून परतले.

मी शेवटचा त्यांच्या पंक्तीला बसलो तो दिवाळीला. सासूबाईंनी वरण वाढलं. मी पहिला घास घेतला आणि थबकलो. वरणात मिठाचा कण नव्हता. भाजीत हात लावला तर ती खारट जहर. सासूबाईंसारख्या सुगरणीच्या हातून हे? मी वर पाहिलं. त्या पळी हातात धरून नवऱ्याकडे टक लावून बघत होत्या. सासरे शांतपणे जेवत होते. वरण संपलं, भाजी संपली.

"कसं झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"चांगलं झालं."

"वरन?"

"चांगलं हाय."

ज्या बाईचा सारा जन्म या माणसाला गप्प बसवण्यात गेला, तिने पळी खाली ठेवली आणि ती तिथेच त्यांच्या ताटापुढे बसली. "अवो," ती म्हणाली, "एकडाव तरी नाव ठेवा ना बाप्पा." सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ओठ हलल्यासारखे वाटले. मग त्यांनी ताट पुढे सरकवलं आणि म्हणाले, "थोडं आनखी वाढ."