पुण्याची बदली

आमच्या घरात शब्दकोडं शेपटाकडून तयार होतं. आधी उत्तर, मग प्रश्न. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या त्रैमासिकासाठी कोडं बनवायचे. आडवे-उभे शब्द ते स्वतः बसवायचे, पण त्या शब्दांची सूत्रं, म्हणजे कोड्याखाली छापायच्या ओळी, घरच्यांनीच द्यायच्या असा त्यांचा दंडक होता. ‘शब्दकोशातला अर्थ छापायचा तर मग शब्दकोशच छापा की,’ असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे रविवारी पोह्यांच्या बशा उचलल्या जायच्या आत ते टेबलावर चौकटींचा कागद पसरायचे आणि एकेक उत्तर जाहीर करायचे. मग आम्ही डोकं खाजवायचं.

‘रद्द’ हा त्यांचा हुकमी शब्द. दोन चौकोनांत मावतो, कुठल्याही कोपऱ्यात घुसतो, त्यामुळे दर दोन-तीन अंकांआड तो हजर. आणि एकदा वापरलेलं सूत्र पुन्हा चालायचं नाही. ‘साहेब रजेचा अर्ज असा करतात’ झालं, ‘जानेवारीच्या धुक्यात दिल्लीची विमानं होतात तशी’ झालं, ‘जुन्या नोटा एका फटक्यात झाल्या तशा’ हेही झालं. एकदा मी मोडलेल्या लग्नावरून एक सूत्र दिलं, ते मंडळातल्या एका काकूंना भलतंच झोंबलं. पुढच्या संक्रांतीला त्यांनी आईच्या हातावर तिळगुळाचा एक तुकडा टेकवला आणि तोंड फिरवलं.

आता आईविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आई लग्न होऊन पुण्याहून आली ती थेट सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. ‘आपण पुण्याला असतो तर’ हे तिचं पालुपद तेव्हापासूनचं. पुण्याला असतो तर उन्हाने असं भाजून निघालो नसतो, पुण्याला असतो तर पोरीचं मराठी असं धेडगुजरी झालं नसतं, पुण्याला असतो तर भाजीवाल्याने असा उर्मटपणा केला नसता. तसं मंडळातल्या सगळ्याच बायका हे म्हणायच्या. दिल्लीतल्या मराठी माणसाने दिल्लीला नावं ठेवायची आणि परत जायच्या गोष्टी करायच्या, हा आमच्यातला शिष्टाचारच आहे. ‘मला बुवा इथे आवडतं’ असं कुणी म्हटलं तर बाकीचे त्याला बरं नाही की काय अशा नजरेने बघतात. पण आईच्या म्हणण्यात इतर बायकांपेक्षा जास्त जोर असायचा. मला वाटायचं, ही खरंच तळमळते.

बाबा नुसते ऐकून घ्यायचे. ते दिल्लीत पुरते मुरलेले दिसायचे. पुण्याचे पाहुणे आले की त्यांना पानिपतला काला अंबचं युद्धस्मारक दाखवायला न्यायचे, येताना वाटेत पराठे खिलवायचे, रिक्षावाल्याशी अस्सल दिल्लीकरासारखी हुज्जत घालायचे. मी शाळेत असताना त्यांची एकदा पुण्याला बदली झाली होती. हुकूम निघाला, आईने शेजारणींना सांगितलंही, आणि थोड्याच दिवसांत तो रद्द झाला. ‘वरून झाला,’ एवढंच घरात सांगितलं गेलं. आई त्या वेळी ओक्साबोक्शी रडली होती. पुढे कशावरूनही वाजलं की ती बाबांना सुनवायची, ‘साहेबांपुढे जरा तोंड उघडलं असतंत तर आज आपण पुण्याला असतो.’ बाबा वर्तमानपत्रात डोकं घालायचे. आमच्या घराचा नकाशा मला पाठ होता. बाबा दिल्लीचे, आई पुण्याची, आणि बाबांच्या मिळमिळीतपणापायी आई बिचारी इथे अडकलेली.

म्हणून नवऱ्याला पुण्यात नोकरी मिळाली तेव्हा मी माझ्या गुडगावच्या ऑफिसात पुण्याच्या बदलीचा हट्टच धरला. ती मंजूर झाली, नवरा पुढे गेलाही. मुलीची बारावी संपत आली होती, पुढचं कॉलेज तिथेच बघायचं ठरलं. आम्ही सगळे बाबांनी निवृत्तीनंतर घेतलेल्या नोएडाच्या फ्लॅटमध्ये एकत्रच राहत होतो, तेव्हा आईबाबांनी आमच्याबरोबर यायचं हे गृहीतच होतं. आईला मी बातमी दिली ती तिला मिठी मारून. म्हटलं, ‘आई, तुझं स्वप्न पुरं झालं.’ ती ‘अगं बाई’ म्हणाली आणि तिने देवापुढे साखर ठेवली. मला वाटलं, चला, आईचे पांग फिटले.

तो रविवार त्यानंतरचा. घरभर पुठ्ठ्याचे खोके. कपाटं निम्मी रिकामी. आई टेबलाशी मटार सोलत होती, मी लॅपटॉप उघडून बसले होते आणि बाबांनी दिल्लीतलं आपलं शेवटचं कोडं टेबलावर पसरलं होतं.

“आडवा शब्द, दोन चौकोन,” ते म्हणाले. “रद्द.”

“फिर से?” माझी मुलगी ओरडली. “आजोबा, यार, मागच्या वेळी पण हाच होता!”

“त्याला मी काय करू? कोपरा तसाच उरलाय. चल, सांग.”

“कंट्रोल झेड.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे जे केलं ना, ते वापस. अनडू.”

“मंडळातल्या निम्म्या लोकांना कळायचं नाही. पुढचं?”

मी म्हटलं, “‘बॉसच्या मुलाचा वाढदिवस असला की मीटिंग अशी होते.’” बाबांनी नाक मुरडलं. आई मान वर न करता म्हणाली, “मला नका विचारू, माझं डोकं त्या खोक्यांत आहे.”

तेव्हा बाबा स्वतःशीच हसले. पेन्सिलीच्या टोकाने त्यांनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, “मग मीच देतो. ‘पुण्याची बदली तिने गुपचूप अशी करून घेतली.’”

“तिने म्हणजे किसने?” मुलीने विचारलं.

“तुझ्या आजीने.”

मी हसले. बाबा कधीतरी अशी कोरडी थट्टा करतात. पण आई हसली नाही. तिने हातातली शेंग खाली ठेवली, दाणे न काढताच.

“तुम्हाला माहीत होतं?” ती म्हणाली.

आता बाबांच्या तोंडावरचंही हसू मावळलं. “म्हणजे? मला माहीत आहे हे तुला ठाऊक नव्हतं?”

मी खुर्चीची कड धरली. मुलगी एकदा आजीकडे, एकदा आजोबांकडे बघत होती. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, पण गॅस बंद करायला कुणी उठलं नाही.

मग तुकड्यातुकड्यांनी ते बाहेर आलं. बाबा दौऱ्यावर चंदीगडला गेले होते तेव्हा आई त्यांच्या ऑफिसात जाऊन साहेबांना भेटली होती. रडून म्हणाली होती की इथलं सगळं मोडून जाणं आम्हाला जमणार नाही, काहीही करा पण ही बदली थांबवा. बाबा परतल्यावर साहेबांनी त्यांना आत बोलावलं.

“म्हणाले, ‘आपकी मिसेज़ आई थीं. कैंसल करवा दिया है, चिंता मत कीजिए,’” बाबा म्हणाले. “त्यांना वाटलं मीच हिला पाठवलंय. मी काय बोलणार? थँक्यू सर म्हटलं आणि बाहेर आलो.”

“आणि घरी येऊन काही बोलला नाहीत?” मी विचारलं.

“ही रडत होती. मला वाटलं, बोलेल आपणहून. मग ती बोललीच नाही, तेव्हा मला कळलंय हे तिने ओळखलंच असेल, असं धरून चाललो. आणि आता जातोच आहोत, तर लपवायचं कशाला, असं वाटलं मला. थट्टेत निघून जाईल.”

मला संताप आला, आणि तो कुणाचा ते कळेना. सगळ्यात आधी आईचा आला. “आई, तूच बदली थांबवलीस आणि वर जन्मभर बाबांनाच बोलत राहिलीस? साहेबांपुढे तोंड उघडलं नाही म्हणून?”

“मग काय करणार होते?” आई एकदम म्हणाली. “मी पुण्याचं नाव काढायचं सोडलं असतं तर कुणालाही कळलं असतं. एकदा म्हणायला लागलं की म्हणतच राहावं लागतं.”

“पण का? तुझं माहेर पुण्याचं!”

“जायचं होतं ते सासरी, माहेरी नाही. तिथे मी धाकटी सून होते गं. सकाळी कणीक, संध्याकाळी कणीक, मधल्या वेळात सासूबाईंचं पथ्य. इथे मला शाळा होती.”

आई पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवायची. निवृत्त झाली तरी अधूनमधून सकाळी मेट्रोने तिकडे जायची, दिल्लीत वाढलेल्या लहान पोरांना मराठी गोष्टी सांगायला. मी तिला त्या वस्तीत चालताना बघितलं आहे. दुकानदार ‘मॅडम, नमस्ते’ म्हणून उठून उभे राहतात आणि ती खणखणीत हिंदीत त्यांच्या पोरांची चौकशी करते. सुट्टीत पुण्याला, तिच्या सासरी, हीच बाई स्वयंपाकघराच्या दारातून हळू आवाजात, ‘ताटं घेऊ का?’ असं विचारायची. दोन्ही चित्रं मी लहानपणापासून पाहिली होती. त्यांतली कुठली आई सुखात आहे हे एखाद्या लहान पोरानेही सांगितलं असतं. मी मात्र तिच्या शब्दांवर विश्वास ठेवला.

“मग सांगायचं की!” मी म्हटलं.

“कुणाला? पुण्याला जायचं नाही म्हणणारी एक तरी बाई दाखव मला मंडळात.”

“आणि आता? आता तर देवापुढे साखर ठेवलीस!”

“तू मिठी मारून सांगितलंस. मला विचारलंस का, येतेस का म्हणून?”

मी लॅपटॉप मिटला. म्हटलं, मी उद्याच ऑफिसात बोलते, माझी बदली मागे घ्यायला सांगते, नवरा तिकडे राहील, आपण इकडे राहू. मी असं काहीबाही घाईघाईने बोलत सुटले. आईने माझ्या मनगटावर हात ठेवला. हाताला मटारचा हिरवा वास येत होता.

“ते करायचं नाही,” ती म्हणाली. “मी एकदा केलं तेवढं पुरे. ज्याचं जाणं आपण थांबवलं त्याच्यासमोर रोज जेवायला बसणं सोपं नसतं. तू तुझ्या घरी जा. मी इथेच राहते.”

मग ती बाबांकडे वळली. इतका वेळ ती त्यांच्याकडे बघत नव्हती.

“तुम्हाला जायचं होतं?”

मला वाटलं, बाबा नेहमीसारखे हात झटकतील. दिल्ली काय आणि पुणं काय, म्हणतील. त्यांनी पेन्सिल कागदावर आडवी ठेवली.

“अर्ज मीच केला होता,” ते म्हणाले. “तू सारखी पुणं पुणं करायचीस, म्हटलं तुलाही बरं वाटेल. पण खरं सांगू? मला स्वतःलाच जायचं होतं. फार जायचं होतं.”

“आणि आता?”

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग नातीकडे, मग पुन्हा आईकडे. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही.

“आताही,” ते म्हणाले.

पराठे खिलवणारे, रिक्षावाल्यांशी भांडणारे, दिल्लीत मुरलेले माझे बाबा, ते जन्मभर इथे परक्यासारखे राहिले होते. आणि जिला मी अडकलेली समजत होते ती इथे घट्ट रुजली होती. एकाच घरात, एकाच ताटातलं लोणचं वाटून खात, दोघांनी एकमेकांपासून एवढी मोठी गोष्ट लपवली आणि मला तिचा वाससुद्धा आला नाही. मला भीती वाटली. यांच्याबद्दल मला आणखी काय काय माहीत नाही, अशी भीती.

आई उठली. तिने गॅस बंद केला, हात धुतले आणि आत गेली. मी मागोमाग गेले. पलंगावर मोठी बॅग उघडी पडली होती. दोघांची म्हणून तिने ती एकच भरली होती, एका बाजूला बाबांचे शर्ट आणि दुसऱ्या बाजूला तिच्या साड्या. ती खाली बसली आणि एकेक साडी बाहेर काढून मांडीवर ठेवायला लागली.

“आई, हे काय चाललंय?”

“यांचे स्वेटर वर ठेवते,” ती म्हणाली. “पुण्याला लागत नाहीत म्हणतात, पण पहाटे गार असतं.”

बाबा दारात येऊन उभे राहिले होते. मला वाटलं ते तिला अडवतील. म्हणतील, वेडेपणा करू नकोस, या वयात कुणी वेगळं राहतं का, लोक काय म्हणतील. मी स्वतः तेच बोलायला तोंड उघडलं होतं. बाबा पलंगाच्या कडेला बसले. त्यांनी बॅगेत हात घातला, आपल्या शर्टांखालून तिची राखाडी शाल ओढून काढली आणि तिच्यापुढे धरली.

“ही पण राहिली,” ते म्हणाले.

आईने शाल घेतली. ठरल्या दिवशी ट्रक आला. बाबा माझ्याबरोबर पुण्याला आले. आई आली नाही.